मदत हवी आहे: पोलीस ट्रेनिंगमध्ये भावाची नडगी दुखतेय, सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) करायला सांगू का?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली. धाकटा भाऊ पोलीस शिपाई म्हणून लागला आणि सध्या ट्रेनिंगला आहे. तुरचीचं ट्रेनिंग सेंटर आमच्याच तालुक्यात, पण त्याला मिळालं लांबच्या जिल्ह्यातलं, त्यामुळं उठून बघून यावं म्हटलं तरी जमत नाही. ट्रेनिंग ९ महिन्यांचं असतं, त्यातलं बरंच अजून बाकी आहे.

तर त्याच्या दोन्ही नडग्या दुखतायत, उजवी जास्त. मधे सुट्टीला आला तेव्हा माडीवरून कठडा धरून आडवा आडवा उतरत होता. विचारलं तर म्हणे सगळ्या पोरांचं दुखतं गं, तू आईला सांगू नको. रात्री बघितलं तर पँट वर करून नडगीच्या आतल्या बाजूनं अंगठा दाबत खाली खाली येत होता आणि घोट्याच्या वर एका जागी आला की दात आवळत होता. त्या जागी थोडी सूज पण होती. मला तेव्हापासून झोप नाही नीट.

पळायची सवय नाही असं अजिबात नाही हां. भरतीचे १६०० मीटर त्यानं मस्त मारलेत, पण ती सगळी प्रॅक्टिस मातीच्या रस्त्यावर, शूज घालून. इथं पहाटे पीटी, मग बूट घालून कडक ग्राउंडवर परेड, कदमतालला गुडघा वर घेऊन टाच आपटायची, मग लेक्चर, संध्याकाळी परत ग्राउंड. लेक्चरला पाय सोडून बसता येत नाही आणि अभ्यास पण कमी नाहीये, १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले ना. आमचे रिटायर हवालदार काका फोनवर त्याला ३०२ विचारतात आणि तो सांगतो काका आता खुनाला १०३, चारसोबीसचं ३१८ झालं. काकांशी बोलताना तेवढा खुलतो, बाकी पायाचा विषय काढला की फोन ठेवतो.

सिक रिपोर्ट करत नाही कारण त्याला वाटतं जास्त दिवस बुडले तर मागच्या बॅचला टाकतील, दीक्षांत संचलन हुकेल, आणि बरोबरची पोरं नाटकं करतो म्हणतील. म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खातोय आणि पळतोय. पप्पांनी द्राक्षाचं सगळं टेन्शन बाजूला ठेवून भरतीच्या काळात त्याच्या खाण्यापिण्यात काही कमी केलं नाही, ते ओझं पण त्याच्या डोक्यात आहे, मला कळतं ते. पण पाय आयुष्यभर लागणार आहे ना. बंदोबस्ताला बारा बारा तास उभं राहायचंय याच पायावर.

कुणी ट्रेनिंग केलेलं असेल तर प्लीज सांगा, खरंच मागं टाकतात का? आणि हे दुखणं आपोआप जाणारं आहे का?

प्रतिसाद (सातारा, पोलीस खात्यात):
ताई, नडगी आमच्या बॅचला पण बऱ्याच जणांची धरली होती. किती दिवस बुडले तर काय होतं हे त्यानं आपल्या कंपनीच्या म्हणजे तुकडीच्या उस्तादांना, कवायत शिकवणाऱ्यांना, सरळ विचारावं, पोरापोरांत ऐकलेल्यावर जाऊ नये. माझा अनुभव सांगतो, जो वेळेत दवाखान्यात गेला त्याला काही दिवस पीटी-परेडमधून सूट मिळाली, लेक्चर चालू राहिली आणि तो आमच्याबरोबरच पास आउट झाला. लपवत राहिला त्याचंच पुढं अवघड झालं. नाटकं म्हणणारे चार दिवस म्हणतात, नंतर विसरतात.

प्रतिसाद (मिरज, फिजिओथेरपिस्ट):
न तपासता नक्की सांगता येणार नाही, पण एक फरक लक्षात घ्या. नडगीच्या आतल्या कडेनं लांबपर्यंत दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, ते बहुतेक शिन स्प्लिंट, लोड कमी केला, बर्फ लावला, विश्रांती घेतली की बसतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय, सूज आहे, रात्री झोपल्यावर पण ठणकतंय, तर हाडाला बारीक चीर असू शकते, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसत नाही पुष्कळदा, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं राहिलं तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. पेनकिलर खाऊन पळणं आधी बंद. दुखणं दबतं, हाड तसंच राहतं आणि चीर वाढून हाड पूर्ण मोडू शकतं. व्हिटॅमिन डी पण तपासून घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. एकाच जागी दुखतंय आणि रात्री पण ठणकतंय, त्यामुळं वाचून पोटात गोळा आला. रविवारी त्यांना फोन मिळतो, तेव्हा काकांनाच त्याच्याशी बोलायला लावते, खात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकेल. गोळ्या बंद कर आणि सोमवारी सकाळी सिक रिपोर्ट कर एवढंच सांगायचं ठरलंय. एमआरआय तिथं झाला नाही तर मिरजेला आणून करू, पण त्यासाठी सुट्टीचा अर्ज त्यानं करायचा की तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आधी लागते? सातारचे दादा, हे माहीत असेल तर रविवारच्या आत सांगा प्लीज.