मदत हवी आहे: शेवटच्या भागात मला टेक्सास दिसलेच नाही

मृण्मयी_दे (मंगळवार, रात्री ११.४०)
कृपया कोणीतरी लवकर उत्तर द्यावे, कारण लेख गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. आमच्या वाचनगटाच्या हस्तलिखितासाठी मी रद्द झालेल्या मालिकेच्या शेवटच्या भागावर प्रेक्षक काय म्हणाले, यावर लिहीत आहे. शेवटचा भाग काल रात्री सासऱ्यांबरोबर पाहिला. आज प्रेक्षकांची मते वाचायला बसले, तर जो तो टेक्सास, विमान आणि शेवटचा बाँब यांविषयी लिहितो आहे. मी पाहिलेल्या भागात टेक्सास नाही आणि विमानही नाही. माझ्या डिस्कमधली दृश्ये कापलेली आहेत का? कापलेली असतील तर पूर्ण भाग कुठे मिळेल?

रानवारा (मंगळवार, रात्री ११.५२)
मालिका कोणती, ते आपण लिहिलेले नाही. रद्द झालेल्या मालिकांची संख्या मोठी आहे.

मृण्मयी_दे (मंगळवार, रात्री ११.५८)
अणुबाँब पडल्यावर कॅन्ससमधल्या छोट्या गावात काय होते, ती मालिका. प्रेक्षकांनी वाहिनीला शेंगदाणे पाठवले होते तीच. इतके सांगितल्यावर ओळखता यावी असे वाटते.

कोरांटी (बुधवार, सकाळी ६.१५)
म्हणजे ‘जेरिको’. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर २० सप्टेंबर २००६ पासून सुरू झालेली. पहिल्याच भागात लपाछपी खेळणारा एक मुलगा छपरावर चढतो आणि त्याला क्षितिजावर अणुस्फोटाचा ढग दिसतो. ते दृश्य मी अजून विसरलेली नाही. मृण्मयीताई, तुमच्याकडे डिस्क किती आहेत आणि त्या कुठून आल्या, हे कळल्याशिवाय काही सांगणे कठीण आहे.

वाचस्पती_ना (बुधवार, सकाळी ७.०२)
डीव्हीडीवर जगाच्या भागाप्रमाणे घातलेल्या विभाग-क्रमांकाचा हा घोळ आहे. अमेरिकेत विकत घेतलेली डिस्क पहिल्या विभागाची असते आणि भारतातले प्लेअर पाचव्या विभागाचे असतात. मी स्वतः तीन वर्षे हे भोगले आहे. प्लेअरमध्ये विभागाचे बंधन काढण्याची सोय असते. ती आधी करून घ्यावी आणि मग बोलावे.

रानवारा (बुधवार, सकाळी ७.२०)
वाचस्पतीजी, विभाग जुळत नसेल तर डिस्क मुळात चालतच नाही. निवडक दृश्ये गाळून ती चालत नाही. ताईंनी भाग पूर्ण पाहिला आहे, तेव्हा ही शंका इथे लागू पडत नाही.

वाचस्पती_ना (बुधवार, सकाळी ७.३१)
माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे दोन डिस्क अर्ध्यावर थांबत असत. विभागाचा प्रश्न सोडवल्यावरच त्या सुरळीत चालल्या.

मृण्मयी_दे (बुधवार, सकाळी ८.१०)
डिस्क अमेरिकेहून परतलेल्या सहकाऱ्याने दिल्या. खोका हरवला आहे. त्या चेन असलेल्या कापडी पाकिटात ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर मार्करने क्रमांक घातलेला आहे. एकूण सहा आहेत. सहाव्या डिस्कवरचा शेवटचा भाग मी अगदी शेवटच्या नामावलीपर्यंत पाहिला. प्लेअर उत्तम चालतो. कृपया प्लेअरविषयी लिहू नये.

अभय_परदेशी (बुधवार, सकाळी ८.४५)
मृण्मयीताई, मी तेव्हा न्यू जर्सीत होतो आणि ही मालिका दर आठवड्याला प्रक्षेपणाच्या वेळीच पाहत असे. माझा अंदाज असा की तुमच्याकडे न दाखवलेला शेवट आला आहे. अंतिम भागासाठी दोन शेवट चित्रित झाले होते, एक मालिका पुढे चालू राहिली तर दाखवण्यासाठी आणि एक ती कायमची संपली तर दाखवण्यासाठी. रद्द होण्याचा निर्णय २१ मार्च २००८ ला जाहीर झाला आणि २५ मार्चला अंतिम भाग दाखवला गेला, त्यामुळे घरोघरी दुसरा, म्हणजे कथा बऱ्याच अंशी मिटवणारा शेवट पोहोचला. न दाखवलेला शेवट पुढे डीव्हीडी संचात आला. प्रक्षेपित शेवटात नायक जेक आणि त्याचा साथीदार हॉकिन्स तो शेवटचा बाँब घेऊन टेक्सासच्या दिशेने निघतात आणि त्यांच्या मागे लढाऊ विमाने

कोरांटी (बुधवार, सकाळी ८.५१)
अभयजी, कृपया थांबा! विचारणाऱ्याने काय पाहिले आहे, हेच अजून ठरलेले नसताना तुम्ही शेवट सांगत सुटला आहात. रसभंग होईल.

अभय_परदेशी (बुधवार, सकाळी ९.०४)
ताईंनी टेक्सास आणि विमान यांविषयी स्वतःच लिहिले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिले. अर्धवट वाक्य तसेच ठेवतो.

सुधाकर_मास्तर (बुधवार, सकाळी १०.३०)
या निमित्ताने सांगतो की किरणोत्सर्गी पाऊस येत असल्यास तळघर किंवा घराच्या मधोमध असलेली, कमीत कमी खिडक्या असणारी खोली गाठावी, बाहेरचे कपडे काढून वेगळे ठेवावेत आणि अंग धुवावे. आयोडीनच्या गोळ्यांचा लोक फार बोलबाला करतात, पण त्या केवळ थायरॉइड ग्रंथीचे किरणोत्सर्गी आयोडीनपासून रक्षण करतात. बाकीच्या शरीराला त्यांचा उपयोग नसतो. मालिकेच्या दुसऱ्या भागात सारे गाव पाऊस येण्याआधी आसरा शोधते, तो प्रसंग पाहून मी विद्यार्थ्यांना हे समजावले होते.

रानवारा (बुधवार, सकाळी १०.४४)
मास्तर, माहिती मोलाची आहे, पण ताईंना लेख उद्या द्यायचा आहे. ताई, एकच सांगा: तुम्ही पाहिलेल्या भागात मरण कोणाचे झाले आणि तो संपतो कुठे?

मृण्मयी_दे (बुधवार, दुपारी १२.२०)
जॉन्स्टन ग्रीन, म्हणजे माजी नगराध्यक्ष, गोळी लागून आपल्या माणसांच्या गराड्यात प्राण सोडतात. सासऱ्यांनी तेव्हा दिवा मालवला आणि नामावली संपेपर्यंत अंधारातच बसून राहिले. शेजारच्या न्यू बर्न गावाने जेरिकोवर तोफा डागलेल्या असतात. शरण या म्हणून निरोप येतो तेव्हा जेक ‘नट्स’ एवढाच शब्द सुनावतो आणि लढाई पेटते. तिकडे गावातली शिक्षिका हेदर लष्कराच्या तळावर असते आणि तिला तिथे तारे कमी असलेला झेंडा दिसतो. एवढ्यावर भाग संपतो. कोण जिंकले हे कळत नाही, म्हणूनच दृश्ये कापली असावीत असे मला वाटले.

कोरांटी (बुधवार, दुपारी १२.२९)
तुमच्या डिस्कमध्ये काहीही कापलेले नाही. तुम्ही पाहिलात तो पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग, म्हणजे ९ मे २००७ ला दाखवलेला बाविसावा भाग. सहा डिस्कचा संच पहिल्याच पर्वाचा आहे. दुसरे पर्व दोन डिस्कवर स्वतंत्र निघाले आणि त्यात सात भाग आहेत. टेक्सास, विमान आणि बाँब हे सारे त्या सातव्या भागातले. प्रेक्षकांची जी मते तुम्ही वाचलीत, ती त्या भागाविषयीची आहेत.

मृण्मयी_दे (बुधवार, दुपारी १२.४१)
दुसरे पर्व आहे हे मला ठाऊकच नव्हते! रद्द झाली असे वाचले होते, म्हणून सहावी डिस्क संपली की मालिका संपली असे धरून चालले. मग ती रद्द झाली केव्हा?

रानवारा (बुधवार, दुपारी १.०५)
दोनदा. तुम्ही पाहिलेला भाग लागल्यावर आठवड्याने, १६ मे २००७ ला, वाहिनीने ती रद्द केली. त्या भागात जेक जो शब्द सुनावतो, तो दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या बास्तोन्य गावाच्या वेढ्यातला आहे. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्याने वेढा घालून शरणागती मागितली, तेव्हा अमेरिकेच्या जनरल मॅकऑलिफ यांनी ‘नट्स’ असे एकाच शब्दाचे उत्तर धाडले होते; इंग्रजीत हा शब्द धुडकावण्यासाठीही वापरतात आणि शेंगदाण्यांसारख्या दाण्यांसाठीही. प्रेक्षकांनी तोच शब्द उचलून शेंगदाण्यांची पोतीच वाहिनीच्या कचेरीत पाठवायला सुरुवात केली. २० टनांहून अधिक शेंगदाणे तिथे पोहोचले. ६ जूनला वाहिनीच्या मनोरंजन विभागाच्या अध्यक्षा नीना टॅस्लर यांनी प्रेक्षकांना उघड पत्र लिहून सात नव्या भागांची घोषणा केली आणि शेंगदाणे पाठवणे आता थांबवा अशी विनंती केली. ते सात भाग १२ फेब्रुवारी २००८ पासून दाखवले गेले आणि मार्चमध्ये ती दुसऱ्यांदा रद्द झाली.

अभय_परदेशी (बुधवार, दुपारी १.२२)
त्यांतला पाच पौंडांचा एक पुडा माझा होता. पत्नीने विचारले होते की या पैशांत आपल्या घरी महिनाभर शेंगदाण्याची चटणी झाली असती, पण तिनेच पत्त्याची चिठ्ठी चिकटवून दिली. त्याच सुमारास, ४ मे २००७ ला, कॅन्ससमधले ग्रीन्सबर्ग हे खरे गाव टोर्नेडोच्या वादळात जवळजवळ नाहीसे झाले होते. या चाहत्यांनी त्या गावासाठीही निधी जमवला. मालिकेतल्या गावासाठी जमलेली माणसे खऱ्या गावाकडे वळली, हे तुमच्या लेखात यायला हवे असे मला मनापासून वाटते.

वाचस्पती_ना (बुधवार, दुपारी २.१०)
लेखात ‘नट्स’ला मराठीत काय म्हणणार? ‘खड्ड्यात जा’ म्हटले तर जनरलचा आशय येतो, पण शेंगदाण्यांचा संबंध तुटतो.

सुधाकर_मास्तर (बुधवार, दुपारी २.३५)
‘हट्!’ म्हणावे. मॅकऑलिफ यांनी एका शब्दात झिडकारले होते, आपणही एका शब्दात झिडकारावे.

कोरांटी (बुधवार, दुपारी २.५०)
मूळ शब्द देवनागरीत ठेवून एका वाक्यात खुलासा करावा, दुसरा मार्ग नाही. ज्याला तो शब्द कळला नाही, त्याला वाहिनीच्या दारात पोती का आली हेही कळणार नाही.

अभय_परदेशी (बुधवार, दुपारी ३.१५)
प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांविषयी लिहायचे तर दोन्ही वेळचा फरक नोंदवावा. २००७ मध्ये राग होता आणि तो रास्त होता. नोव्हेंबर २००६ अखेरीस मालिका थांबवून ती थेट फेब्रुवारीत परत आणली, तोवर अनेकांचा धागा तुटला होता. परतल्यावर तिच्या वेळेला ‘अमेरिकन आयडॉल’ ही लोकप्रिय गायनस्पर्धा उभी होती. शिवाय रेकॉर्ड करून किंवा संगणकावर पाहणारे आम्ही लोक मोजले जात नव्हतो, ही आमची तक्रार होती. २००८ मध्ये मात्र बहुतेकांच्या लिहिण्यात राग कमी आणि कृतज्ञता अधिक होती, कारण बाँब कोणी टाकले या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

रानवारा (बुधवार, दुपारी ३.४०)
कृतज्ञता माझ्यात नव्हती. पहिल्या पर्वात बावीस भागांत पेरलेली माणसे सात भागांत घाईघाईने आवरली गेली. मीठ, औषधे, मका यांसाठी गावे एकमेकांशी कशी झगडतात, हे या मालिकेचे बलस्थान होते. दुसऱ्या पर्वात त्याची जागा कटकारस्थानांनी घेतली. गावातल्या बोनीचे जे झाले त्याचा शोक करायलाही पुरता भाग मिळाला नाही.

कोरांटी (बुधवार, दुपारी ३.४४)
रानवारा, आता तुम्हीही?

रानवारा (बुधवार, दुपारी ३.४९)
क्षमा असावी, ताई. भावनेच्या भरात लिहिले गेले.

अभय_परदेशी (बुधवार, दुपारी ४.०२)
घाई झाली हे मान्य. पण सात भागांची मर्यादा असताना लेखकांनी रहस्याला न्याय दिला, हे मी पुन्हा सांगेन. ज्यांना पुढचे हवे होते त्यांच्यासाठी तिसरे पर्व चित्रकथांच्या रूपाने २००९ ते २०११ दरम्यान सहा अंकांत आले आणि त्यानंतर चौथेही आले. खरा शेवट तिथे शोधावा.

रानवारा (बुधवार, दुपारी ४.१०)
पडद्यावर पाहिलेल्या माणसांचा शेवट मी चित्रांत का शोधावा? ज्या आवाजात हॉकिन्स बोलतो, तो आवाज कागदावर येत नाही.

मृण्मयी_दे (बुधवार, सायंकाळी ६.३०)
सर्वांची मनापासून आभारी आहे. सहकाऱ्याला फोन केला. दोन डिस्कचा दुसरा संच त्याच्या आईच्या कपाटात आहे आणि तो उद्या सकाळी मिळेल. संपादकांकडून रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. तोपर्यंत कृपया शेवटाविषयी कोणी लिहू नये.

वाचस्पती_ना (बुधवार, सायंकाळी ७.१५)
तो संचही पहिल्या विभागाचाच असेल. आधी सोय करून ठेवावी.

मृण्मयी_दे (रविवार, दुपारी ४.२०)
सातही भाग तीन रात्रींत पाहिले आणि नंतर न दाखवलेला शेवटही पाहिला. लेख आताच पाठवला. सुरुवात अभयजींच्या पुड्याने केली आहे, त्यांनी नाव न घालण्याच्या अटीवर होकार दिला. ‘नट्स’ देवनागरीत ठेवला, खुलासा एका वाक्यात दिला. रानवारा यांचे म्हणणे मला पटले, सात भाग अपुरे पडले. तरीही विमानाच्या प्रसंगात टेक्सासची विमाने आल्यावर मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते, तेव्हा अभयजींचेही नाकारता येत नाही. लेखात दोघांचीही मते शेजारी शेजारी ठेवली आहेत, निवाडा केलेला नाही.

सासऱ्यांचे मत मात्र ठाम आहे. त्यांना टेक्सासचे काही वाटले नाही. ते म्हणाले, बाँब कोणी टाकला हे कळले तरी जॉन्स्टन परत आला नाही. आज जेवणानंतर त्यांनी पाकिटातून सहा क्रमांकाची डिस्क स्वतः काढली आणि प्लेअरजवळ ठेवली आहे.