२००९च्या फ्लूवरची लस इतकी उशिरा का आली?

निशिगंधा
२००९च्या साथीत माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात होती. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर काढले तिने. ती आणि बाळ, दोघंही वाचली. ती घरी आल्यावर महिन्याभराने लस आली. विषाणू तर एप्रिलमध्येच सापडला होता ना? मग मधले महिने गेले कुठे?

जुना तंत्रज्ञ
ताई, त्या वर्षी मी प्रयोगशाळेत फ्लूचे स्वॅब तपासत होतो. लस बनवण्यात माझा हात नव्हता, पण वाट आम्हीही बघत होतो.

बरेचसे महिने अंड्यांत गेले. कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत हा नवा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, एप्रिलच्या मध्यात ओळखला गेला. पण रुग्णाच्या नाकातला विषाणू कोंबडीच्या अंड्यात सहसा जोमाने वाढत नाही. म्हणून पीआर८ नावाच्या, १९३४ सालच्या जुन्या विषाणूशी त्याचा संकर करतात. तो संकरित विषाणू मेअखेर तयार झाला आणि तोही सुरुवातीला अपेक्षेपेक्षा फार कमी वाढला. दहा-अकरा दिवसांच्या अंड्यात तो टोचायचा, दोन-तीन दिवस उबवायचा, मग आतला द्रव काढून शुद्ध करायचा. लशीत प्रतिजन (विषाणूचा जो भाग शरीर ओळखतं तो) किती उतरलंय हे मोजायला लागणारा सीरम मेंढ्यांपासून मिळवतात, त्यालाही कित्येक आठवडे. अमेरिकेत सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळाली, पण ऑक्टोबरअखेर तिथली दुसरी लाट शिगेला पोचली तेव्हा डोस जेमतेम पोचू लागले होते.

समीर_
पण ११ जूनला साथीच्या इशाऱ्याचा सहावा, सर्वांत वरचा टप्पा जाहीर करून जागतिक आरोग्य संघटनेने उगाच घबराट पसरवली असं नाही का? मृत्यू तर साडेअठरा हजारच झाले.

जुना तंत्रज्ञ
समीर, सहावा टप्पा साथ किती पसरली ते सांगत होता, किती घातक आहे ते नाही. हे लोकांना नीट समजावलं गेलं नाही, ते मान्य. पण साडेअठरा हजार हा आकडा फक्त प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या मृत्यूंचा. स्वॅब घेण्याआधीच गेलेला माणूस त्यात कसा येणार? पुढे अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने पहिल्या वर्षातल्या जगभरच्या मृत्यूंचा जो अंदाज काढला तो दीड लाख ते पावणेसहा लाखांचा आहे. त्यातले सुमारे ८० टक्के लोक पासष्टीच्या आतले. अनेक वयस्कांना लहानपणी याच्याच जुन्या नातलग विषाणूची लागण होऊन गेली होती, त्यामुळे ते बचावले. तरुण आणि गरोदर बायका सापडल्या.

निशिगंधा
आणि जे डोस तयार झाले, ते सगळ्या देशांना एकाच वेळी मिळाले?

जुना तंत्रज्ञ
नाही, आणि मला राग याचाच आहे. श्रीमंत देशांनी आधीच करार करून ठेवले होते. संघटनेमार्फत ७७ देशांना ७ कोटी ८० लाख डोस गेले खरे, पण मुख्यतः २०१० साली. इंडोनेशियाने तर २००७ सालीच संघटनेला बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं. आमच्या नमुन्यांवर बनलेली लस आम्हालाच परवडणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. २०११ साली अखेर करार झाला: देशांनी विषाणूचे नमुने द्यायचे आणि साथ आली की लस कंपन्यांनी उत्पादनातला ठरलेला वाटा संघटनेसाठी राखायचा. पण हा करार फक्त साथ आणू शकणाऱ्या फ्लूच्या विषाणूंना लागू आहे.