माथा न गाठता परतलो ते दिवस : अनुभव धागा

मुंबई-पुण्याच्या आसपास दर शनिवार-रविवारी माणसे गडांवर जातात, ओढ्यांत उतरतात, दोराला लटकतात आणि सोमवारी माथ्यावरचे फोटो टाकतात. माथा हुकला त्या दिवसाबद्दल मात्र सहसा कोणी लिहीत नाही. अर्ध्यावरून परत फिरण्याचा निर्णय कोणी, कुठे आणि कशावरून घेतला, हे येथे सविस्तर लिहावे ही विनंती. फिरायला हवे होते पण फिरलो नाही, असे अनुभवही चालतील. किंबहुना तेच जास्त हवे आहेत. ट्रेक नेणाऱ्या मंडळांची नावे घेऊन उणीदुणी काढू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. जुलैतला रविवार होता आणि बेत माहुली गडाचा होता. मेगाब्लॉक आहे का, हे आदल्या रात्री पाहायचे राहिले, त्यामुळे सातला आसनगावला उतरणारे आम्ही साडेनऊला उतरलो आणि पायथ्याच्या गावातून प्रत्यक्ष चालायला लागेपर्यंत साडेदहा वाजले. माझ्या डोक्यात नाइस्मिथचा हिशोब होता. या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला ठोकताळा असा, की दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. माहुलीचा चढ सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे फार तर सव्वादोन तास. मात्र शेवाळलेला दगड, बुटाला लोळागोळा होऊन चिकटणारा चिखल आणि दर दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढणारा आमचा मित्र नाइस्मिथने धरलेला नव्हता. माथ्याच्या अलीकडच्या शिडीखाली पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. शिडी समोर दिसत होती आणि वर जायला वीस मिनिटेही लागली नसती. दोन वाजता जिथे असू तिथून फिरायचे, हे निघतानाच ठरले होते म्हणून फिरलो. नाहीतर शिडी दिसत असताना कोणाचे डोके चालत नाही. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना पोटरीच्या वर आला होता.

*

पनवेलहून, नऊ वर्षांच्या मुलीची आई

आम्ही कलावंतीण दुर्गाला गेलो होतो. ठाकूरवाडीपासून प्रबळमाचीपर्यंत मुलगी माझ्याही पुढे होती, त्यामुळे पुढचे काही अवघड जाईल असे वाटले नव्हते. माचीवर ज्या घरी आम्ही चहा घेतला, तिथल्या मावशींनी तिच्याकडे पाहून विचारले, “हिला वर नेणार आहेस?” मी हो म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, “पायऱ्यांची भीती नाही गं, माणसांची आहे.” हे मला पायऱ्यांपाशी गेल्यावर कळले. त्या पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, त्यांना कठडा नाही, आणि काही तर मुलीच्या मांडीपर्यंत येतील इतक्या उंच आहेत. अशा पायऱ्यांवर धुक्यात एक रांग चढत होती, दुसरी उतरत होती, आणि समोरासमोर आल्यावर दरीच्या बाजूने कोणी जायचे यावर हुज्जत चालली होती. मी तिथूनच फिरले. मुलगी रडली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला रिकाम्या दिवशी पुन्हा नेईन असे मी कबूल केले आहे; शाळेला सुट्टी आणि गडावर गर्दी नाही असा दिवस अजून सापडलेला नाही.

*

पुण्याहून

माझा अनुभव थोडा तक्रारीचा आहे. मेअखेरीस आम्ही आठ जण सांधणला गेलो होतो. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की सांधण ही साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली खोल, अरुंद भेग आहे. काही ठिकाणी जेमतेम दोन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढीच. पूर्ण घळ उतरून जायची असेल तर रॅपलिंग करावे लागते, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरावा लागतो, आणि एकदा दोर खाली ओढून घेतला की आल्या वाटेने वर येता येत नाही. सकाळी नऊला गावातला वाटाड्या रतनगडाच्या दिशेला बघत उभा राहिला आणि म्हणाला, की तिकडे भरून आले आहे, आज दोराच्या पुढे जायचे नाही. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. आम्ही वाद घातला, पैसे भरल्याचे ऐकवले आणि एकाने तर फोनवरचा हवामानाचा अंदाज त्याच्या तोंडासमोर धरला. तो म्हणाला, “दादा, पाऊस इथं पडायची गरज नाही. वर कुठं पडला तरी पाणी ह्याच फटीतनं येतंय.” आम्ही चरफडत परतलो. त्या दिवशी पाऊस पडलाच नाही, ना इथे, ना वर. बरोबरचे लोक अजूनही त्याला भित्रा म्हणतात. मी म्हणत नाही, पण त्याचे बरोबर होते याचा पुरावाही माझ्याकडे नाही, ही गोष्ट मनाला टोचत राहते.

*

डोंबिवलीहून

धागाकर्त्यांनी न फिरलेल्यांचे अनुभव मागितले आहेत, म्हणून हे इतक्या वर्षांनी लिहीत आहे. २०११ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो. बेलपाड्यातून उजाडायच्या आत निघायला हवे असते; जीप उशिरा आल्याने आम्ही साडेआठला निघालो. ओढ्यातले धोंडे चढून नाळेच्या, म्हणजे कड्यामधल्या उभ्या घळीच्या, तोंडाशी आलो तेव्हाच एकाच्या मांडीत गोळे यायला लागले होते. मीठ-साखरेचे पाणी पाजले, पाय चोळून दिले, त्याने “चला” म्हटले आणि आम्हीही ते खरे धरले.

साध्या डोंगरवाटेवर परत फिरणे म्हणजे आले त्या वाटेने चालत जाणे. नाळेत तसे नसते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, चढताना पुढच्याने सोडलेला दगड चुकवावा लागतो, उतरताना मात्र तो दगड आपणच होतो. आणि जो कातळटप्पा बोटांच्या जोरावर चढलेला असतो, त्याच्या खालच्या खाचा उतरताना दिसत नाहीत. म्हणजे फिरण्याची शेवटची जागा वाटते त्यापेक्षा फार खाली असते. आमची ती जागा नाळेच्या तोंडाशी होती आणि आम्ही ती मीठ-साखरेचे पाणी पीत घालवली. अडीच वाजता दुसऱ्या कातळटप्प्यावर मित्राचे दोन्ही पाय आखडले, तेव्हा वर जाणे आणि खाली जाणे सारखेच अशक्य झाले होते.

रात्र एका पायरीवजा जागेवर काढली. पाच जणांत दोन विजेऱ्या आणि दीड बाटली पाणी होते. दोर एका झाडाला बांधून प्रत्येकाने तो कमरेभोवती घेतला, कारण झोपेत कोण कुठे सरकेल याची खात्री नव्हती. थंडीने हनुवटी थडथडत होती आणि खाली कोकणातल्या गावांचे दिवे एकेक करून विझत होते. पहाटे मित्राचे पाय मोकळे झाले आणि दहाच्या सुमारास आम्ही कोकणकड्यावर पोहोचलो. तिथे पाचनईच्या एका गृहस्थांची टपरी होती. त्यांनी काही न विचारता पाच जणांपुढे पिठले-भाकरी ठेवली आणि मग म्हणाले, “रात्री खाली बॅटरी हलताना दिसली. हाका मारणार होतो. पण हाक ऐकून तुम्ही अंधारात हलला असता, म्हणून नाही मारली.” भाकरी तशीच हातात राहिली.

*

ठाण्याहून

माझे थोडक्यात. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग होते ते भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. आम्ही वाटेत न्याहारीला तासभर रेंगाळलो आणि पोहोचलो तेव्हा आमच्या वाटचे पाणी पुढे निघून गेले होते. राफ्ट किनाऱ्यावर उलटे टाकलेले होते. इथे निर्णय नदीने घेतला, आम्ही फक्त घरी आलो.

*

पुण्याहून, पॅराग्लायडिंग शिकणारी

कामशेतला मी सलग तीन शनिवार-रविवार गेले आणि पायांनी जमीन सोडली ती एकदाच. उरलेला सगळा वेळ गुंडाळलेल्या पंखावर बसून वाऱ्याची पिशवी पाहण्यात गेला. वारा मागून आला तर उडायचे नाही, समोरून आला पण झटके देत असेल तरी नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रशिक्षकांवर चिडले होते, तिसऱ्या आठवड्यात “आज नको” हे त्यांच्या आधी मीच म्हणाले. त्यांनी फक्त मान डोलावली. प्रमाणपत्रापेक्षा मला तेच मोठे वाटले, आणि हे लिहितानाही थोडे हसू येत आहे.

*

नाशिकहून, वय ६४

पनवेलच्या ताईंना आधी सांगतो, की मुलगी बोलायला लागेल. माझ्या बायकोला दोन दिवसांपेक्षा जास्त लागले होते. आम्ही कळसूबाईला गेलो होतो, १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. बारी गावातून पहाटे निघालो आणि शेवटच्या शिडीच्या अलीकडे जी विहीर आहे तिथे माझ्या छातीत जडपणा जाणवला. दुखत नव्हते, फक्त जड वाटत होते. मी खाली बसलो आणि बायकोला म्हटले, की तू देवीला जाऊन ये, मी इथून हलत नाही. ती गेली नाही. तीस वर्षे ठरवलेली वारी शिडीखालून परत आली आणि बारीपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला.

आता डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे, चढायला दिलेली नाही. गेल्या महिन्यात बायको बहिणीबरोबर जाऊन माथ्यावर ओटी भरून आली. मी बारीत एका ओट्यावर बसून होतो. तिने खाली आल्यावर प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “शिडीच्या पायऱ्या मी मोजल्या. तुम्ही विचारणार म्हणून.”