गिझरचा प्लग चटका बसेल इतका तापतो, एमसीबी मात्र पडत नाही

सिडकोवासी: नाशिकची थंडी सुरू झाली आणि २००० वॅटचा गिझर रोज चालू. सॉकेट १६ अँपिअरचं आहे, पण उजव्या भोकाभोवती प्लॅस्टिक करपलंय. नवं सॉकेट बसवलं तरी पुन्हा तेच. एमसीबी बिघडलाय का?

तारजुळणी: एमसीबीचा दोष नाही; तो जादा करंट आला तरच पडणारा स्विच आहे. २००० भागिले २३० म्हणजे जेमतेम ८.७ अँपिअर, १६ चा एमसीबी कशाला पडेल? गडबड ढिल्या जोडाची आहे. उजवं भोक फेजचं. तिथला स्क्रू किंवा आतली पितळी पकड सैल झालीये. अर्धा ओहम रोध आला तरी त्या ठिपक्यावर ३८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं साधं हत्यार २५ वॅटचं असतं, यावरून समजा.

प्लग जुनाच ठेवला ना? काळवंडलेली पिन नव्या पकडीचंही वाटोळं करते. दोन्ही एकदम बदला. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का बघा, मग मेन बंद करून या सॉकेटला लावा; पेटला नाही तरच हात घाला. करपलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, साधारण १० मिमी सोला. स्क्रूखाली इन्सुलेशन अडकू देऊ नका, घाईत हे हमखास होतं. आवळून झालं की वायर ओढून बघा.

सिडकोवासी: कापल्यावर वायर आखूड पडली तर? जुनं घर आहे, वायर पांढरट दिसते.

तारजुळणी: पांढरट म्हणजे बहुधा अॅल्युमिनियम. ती स्क्रूखाली हळूहळू चेपते, जोड आपोआप ढिला होतो. तांब्याला पीळ देऊन जोडायची तर अजिबात नाही. बोर्डापासून २.५ चौरस मिमीची नवी तांब्याची वायर ओढून घ्या. आणि प्लगचा नादच सोडायचा असेल तर २० अँपिअरचा डीपी (डबल पोल) स्विच लावून गिझर थेट जोडून घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात.

मीटरवाला: बोर्ड उघडलाच आहे तर अर्थिंगही बघा. काही ठिकाणी अर्थची वायरच नसते, मग न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थच्या पिनला दिलेला असतो. मागे मेनच्या बाजूला न्यूट्रल तुटला की गिझरच्या पत्र्यात थेट करंट! असा तुकडा दिसला तर गिझर बंद ठेवा, वायरमनला बोलवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. फक्त ढिला जोड त्यालाही कळत नाही, तेव्हा स्क्रू आवळणं चुकत नाही.