समोरचा दात काढलाय, घरच्या घरी तात्पुरता दात बनवता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कडेला. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं तर सातारा गाठावं लागतं, आणि एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. हे आधीच सांगते, कारण "डॉक्टरांना दाखवा" हे उत्तर मला मान्यच आहे. माझा प्रश्न मधल्या दिवसांचा आहे.

झालं असं की तुळशीच्या लग्नाचा ऊस दातांनी सोलत होते आणि कट्‌कन आवाज आला. वरच्या पटाशीच्या दोन मोठ्या दातांपैकी डावा. त्याचं ११ वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं, वर कॅप होती. दुसऱ्या दिवशी कॅप हलायला लागली, हिरडी सुजली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, मूळच उभं चिरलंय, दात वाचणार नाही. काढून टाकला. आज बारावा दिवस. जखम भरली की दीड-दोन महिन्यांनी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने लावलेला पक्का दात) बसवू, नाहीतर तीन-चार महिन्यांनी इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) बघू, असं ते म्हणाले. तोवर काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तोंडात कापसाचा बोळा होता, शेवटची एसटी पकडायची होती.

दिसण्याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू. पण खरी अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू झाले आणि माझ्या लक्षात आलं की माझा 'स' गेला. सशाचा 'स' म्हणताना फटीतून वारा निघून जातो, शिट्टीसारखा आवाज येतो. चमच्यातला 'च' आणि झाडातला 'झ' तर धड येतच नाहीत. 'त, थ, द, ध' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, तिथे आता टेकायला काही नाही. मोठ्या वर्गांना याने फरक पडला नसता. पहिलीची मुलं मात्र बाईंच्या तोंडाकडे बघून अक्षर उचलतात. परवा तीन-चार मुलं 'ससा' अगदी माझ्यासारखाच म्हणाली, ती शिट्टीसकट. चेष्टा नव्हती ती, त्यांना वाटलं असंच म्हणायचं असतं. माझ्या पोटात कालवलं.

त्यांचेही दुधाचे दात पडताहेत सध्या. एकीने विचारलं, "बाई, तुमचा नवीन कधी येणार?"

चुलतभावाने ऑनलाइन एक किट मागवून दिलंय. छोट्या पांढऱ्या प्लास्टिकच्या मण्यांची पुडी आहे. गरम पाण्यात टाकले की मऊ होतात, मग दाताचा आकार देऊन फटीत बसवायचे, असं चित्रांवरून कळतंय. आता माझे प्रश्न:

हे मणी तोंडात ठेवायला सुरक्षित आहेत का? बारा दिवसांच्या जखमेवर चालतील का? नुसते दाबून टिकतात की काही चिकटवावं लागतं? आणि तासभर सलग बोलताना निसटून घशात गेला तर? १५ दिवसांनी शाळेचं स्नेहसंमेलन आहे, निवेदन माझ्याकडे आहे. कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी हे मणी वापरलेत. माझाही वरचा समोरचाच दात, गाडीवरून पडलो तेव्हा गेलेला. तीन आठवडे काढले त्याच्यावर, म्हणून नीट सांगतो.

मणी साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ होतात. उकळतं पाणी नको, गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. आधी पांढरे असतात, मऊ झाले की काचेसारखे पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटतात, तीच खूण. चमच्याने बाहेर काढा आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. मी पहिल्यांदा थांबलो नाही, हिरडीला फोड आला.

दाताला गोंदासारखं काही चिकटत नाही हे. शेजारच्या दोन दातांच्या मधल्या खोबणींत दाबला जातो आणि तिथे अडकून राहतो. म्हणून फक्त फटीपुरता गोळा करून चालत नाही. मागच्या बाजूने, टाळूकडून, दोन्ही शेजाऱ्यांवर थोडा पसरवावा लागतो, पंखांसारखा. समोरून मात्र पातळ ठेवा, नाहीतर ओठ उचलल्यासारखा दिसतो. बोट ओलं केलं की बोटाला चिकटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: पूर्ण कडक होईपर्यंत आत ठेवू नका. अर्धवट घट्ट झाला की एकदा काढा, परत बसवा, परत काढा. आत पूर्ण थिजला तर खोबणीत असा रुततो की निघताना शेजारचा दात मुळापासून हलल्यासारखा वाटतो. बिघडला तर गरम पाण्यात टाकून पहिल्यापासून सुरू करता येतं. मला मनासारखा जमायला सहा-सात खेपा लागल्या.

रंग पांढराफटक येतो, खडूसारखा. लांबून खपून जातो, जवळून कळतो. आणि चहा पिताना काढा. आपला चहा चांगला कढत असतो, त्यात तो पुन्हा मऊ पडतो.

प्रतिसाद २

कोणी गोंदाचा सल्ला देण्याआधी लिहिते. माझ्या भावाची कॅप निघाली होती. लग्नाची गडबड चालू, म्हणून त्याने दुकानात मिळणाऱ्या झटपट गोंदाचा थेंब टाकून ती घरीच बसवली. ती तिरकी बसली, दात मिटेनात, आणि हिरडी आतून पांढरी पडून सोलली. शेवटी डॉक्टरांना कॅप कापून काढावी लागली, कॅपही गेली आणि दाताचा तुकडाही. पाइपला लावायची ती दोन रंगांची लांबी, नखांचं अ‍ॅक्रिलिक, हेही लोक तोंडात वापरतात असं ऐकलंय. ताई, यातलं काहीही करू नका, हात जोडून सांगते.

प्रतिसाद ३

मी दंतवैद्य आहे. तोंड पाहिल्याशिवाय उपचार सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

बाराव्या दिवशी वरून हिरडी बहुतेक मिटलेली असते, पण आतला खड्डा हाडाने भरायला महिने लागतात. तिथे अजून दुखत असेल, पू किंवा वास येत असेल, हिरडी उघडी दिसत असेल, तर त्यावर काहीही दाबू नका. मधुमेह असेल तर जखम सावकाश भरते, तेव्हा जास्तच सांभाळा. सगळं ठीक असलं तरी मऊ मणी त्या खड्ड्यात दाबायचे नाहीत. बनवलेला दात हिरडीला जेमतेम टेकेल, रुतणार नाही, असा हवा. शेजारचे दात हलत असतील किंवा त्यांनाही कॅप असेल तर हा प्रयोग अजिबात नको, ओढताना कॅपच निघून येईल.

घशात जाण्याची भीती रास्त आहे. पोटात गेला तर बहुतेक वेळा पुढे निघून जातो, श्वासनलिकेत गेला तर मात्र जिवावर बेतू शकतं. शिवाय प्लास्टिक साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, त्यामुळे शोधणंही अवघड होतं. म्हणून जेवताना आणि झोपताना काढायचाच. जोरात गाताना किंवा मुलांबरोबर पळताना काढून ठेवलेला बरा. आरशासमोर जोरात खोकून बघा, जिभेने ढकलून बघा. जरा जरी डुगडुगला तर तो दात बाहेर घालायच्या लायकीचा नाही असं समजा.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला मण्यांची गरजच नसावी. एका दाताची काढता-घालता येणारी छोटी कवळी मिळते, टाळूला लागून गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा पातळ पत्रा, त्यावर एक दात, बाजूच्या दाढांना धरायला बारीक तारा. तिचं माप घ्यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, लॅबमधून साधारण दोन-चार दिवसांत येते. तात्पुरत्या उपायांत सगळ्यात स्वस्त हीच. दात काढायच्या आधी माप घेतलं असतं तर त्याच दिवशीही बसवता आली असती. हे रुग्णाला आधी सांगायला हवं, आणि ते राहून जातं याचं मला वाईट वाटतं. टाळूवर पत्रा नको असेल तर पारदर्शक साच्यात दात बसवून देता येतो, किंवा मागच्या बाजूने पंख चिकटवून एक दात लावता येतो. पण तुमच्या अंतराचा विचार करता साधी कवळीच सोयीची.

आज फोन करून दोनच प्रश्न विचारा: "तात्पुरत्या एका दाताचं माप घ्याल का?" आणि "बनवून झाल्यावर एकाच खेपेत बसवून द्याल का?" जुन्या रूट कॅनालच्या फाइलमध्ये दाताच्या रंगाची नोंद, ए२, ए३ अशी, असेल तर तीही काढून ठेवायला सांगा.

प्रतिसाद ४

पैशांचा प्रश्न कोणाला असेल तर इथेच लिहून ठेवतो, पुढे धागा वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल. शासकीय दंत महाविद्यालयांत हीच कामं फार कमी फीमध्ये होतात. मुंबईत सीएसएमटीजवळ आहे, नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबई सेंट्रलला नायरचं दंत रुग्णालय महापालिकेचं. गोव्याच्या मंडळींसाठी बांबोळीला. विद्यार्थी करतात, वर शिक्षकांची नजर असते. वेळ जातो, दोन-तीन चकरा होतात, पण माझ्या आईची कवळी अशीच झाली आणि आठ वर्षं टिकली. ताईंना साताऱ्याहून हे लांब पडेल, कळतंय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आधी मण्यांचा प्रयोग केला, कारण आज वर्ग होता आणि सातारा शनिवारी. हिरडी मिटलेली आहे, दुखत नाही, साखर नॉर्मल. मनगटावर लावून बघितलं, पाचव्या खेपेला आकार जमला. खोकून पाहिलं, हलला नाही. 'स' पुष्कळ सुधारला, 'च' अजून जाड येतो. वर्गात फक्त अक्षरांच्या तासाला घालते, बाकी वेळ डबीत. मुलांना सरळ सांगितलं की बाईंचा दात पडलाय, हा खोटा आहे, आणि 'ससा' आपण सगळे पुन्हा म्हणू.

डॉक्टरांना फोन केला. "हो, करून देतो की," इतक्या सहज म्हणाले. शनिवारी माप.

एक विचारायचं राहिलं. कवळीने सुरुवातीला बोलणं बोबडं होतं का? स्नेहसंमेलनाला मग आठच दिवस उरतील.

प्रतिसाद ३

होतं, पहिले दोन-तीन दिवस. टाळूवर पत्रा आल्याने जिभेला जागा नवी वाटते, लाळही जास्त सुटते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, 'स', 'च', 'ज' भरपूर असलेलं काहीही. पहिलीचं पुस्तक उत्तम. आठ दिवस पुरेसे आहेत. कुठे टोचत असेल तर स्वतः घासू नका, दाखवून घासून घ्या.

प्रतिसाद १

ताई, कवळी आली की मणी मोडीत काढा. मी दोन्ही आलटून-पालटून वापरत बसलो आणि शेजारच्या दाताची हिरडी सुजवून घेतली. मण्यांच्या कडेखाली अन्न साचतं. आणि तोवर धुताना गार पाणीच, ब्रश मऊ. हळदीचा रंग धरतो, जेवताना काढलात की तोही प्रश्न मिटतो.

धागाकर्ती

कवळी बुधवारी बसवली. रंग शेजारच्या दाताशी इतका जुळलाय की घरच्यांनाही पटकन ओळखू येत नाही. पहिला दिवस अवघड गेला, 'शाळा' म्हणताना लाळ सांडायची. डॉक्टरांनी एका बाजूची तार जरा सैल केली, टोचणं थांबलं. रोज रात्री पोळ्या करताना मोठ्याने पाढे म्हणते, सासूबाईंनाही सत्तावीसचा पाढा ऐकून ऐकून आता पुढे येतो. काल निवेदनाची तालीम झाली, सूत्रसंचालनाची पाच पानं न अडखळता वाचली.

रात्री काढून गार पाण्यात ठेवते. ब्रिजचं जानेवारीच्या शेवटी ठरलंय. तोवर हिच्याबाबत आणखी काही सांभाळायचं आहे का?

प्रतिसाद ३

धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटून फरशीवर पडली की हमखास तुटते. टूथपेस्ट नको, साधा साबण आणि मऊ ब्रश. त्या दाताने काही तोडायचं नाही, पेरू नाही, ऊस तर नाहीच. आणि दात काढल्यावर हिरडी आत बसत जाते, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यात दाताखाली फट दिसेल किंवा पत्रा सैल वाटेल. बिघडली असं समजू नका. आतून नवा थर देऊन पुन्हा घट्ट करता येते, पुढच्या खेपेला मागून घ्या.