शब्दचर्चा : मुंबईवरच्या पुस्तकांतला 'कोट'

प्रश्न : मुंबईवरच्या जुन्या मराठी पुस्तकांत 'कोटात', 'कोटाबाहेर' असं वरचेवर येतं. गिरगावातले एक जाणते काका म्हणाले, कोट म्हणजे किल्ला. पण किल्ला म्हटलं की मला शिवडी, वरळी, माहीम आठवतं. बँका आणि कचेऱ्यांनी भरलेला फोर्ट नाही. नेमका अर्थ काय घ्यायचा?

उत्तर : कोट म्हणजे मुळात तट. भुईकोट, परकोट यांत तोच शब्द आहे. पुढे तटाच्या आतल्या वस्तीलाही कोट म्हणू लागले. काकांचा अर्थ इतर ठिकाणी चालून जाईल, मुंबईत नाही, कारण इथे किल्ला आणि कोट दोन्ही होते आणि ते वेगळे होते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या वाड्याच्या जागी उभा राहिलेला बॉम्बे कॅसल हा किल्ला; ती जागा आज नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात आहे. त्याच्या भोवती वाढलेल्या शहराला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तट घातला, तो कोट. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर इथल्या व्यापाऱ्यांना धास्ती पडली. त्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि तटाबाहेर खंदक खणला गेला. आत जायला तीन दरवाजे : अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट.

आता पुस्तकांकडे येऊ. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं. बार्टल फ्रियर आदल्याच वर्षी गव्हर्नर झाला होता आणि तट पाडला गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. म्हणून माडगांवकर वाचताना 'कोट' आला की खरीखुरी भिंत, दरवाजे, खंदक डोळ्यांपुढे आणावेत. नंतरच्या लेखनात मात्र कोट हे नुसतं भागाचं नाव आहे. पुस्तकाचं साल पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक उत्तर : वरच्या उत्तराला जोड. वास्तुकलेवरची पुस्तकं वाचणाऱ्यांनाही हा तट माहीत हवा. तटावरच्या तोफांना समोरचा टप्पा मोकळा मिळावा म्हणून बाहेर बांधकाम करू देत नसत. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं त्याच मोकळ्या जागेतली. तट गेल्यावर ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले, दोन्ही १८७८ मधले. पुढच्या शतकात पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आली. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो हा गॉथिक आणि आर्ट डेको समूह. तटाचा उरलेला तुकडा पाहायचा असेल तर सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ जा.

प्रश्न : मग पारशी मंडळींच्या तोंडी येतो तो 'बाहेरकोट'?

उत्तर : कोटाच्या बाहेरची वस्ती, मुख्यतः धोबी तलावकडचा भाग. नव्या आवृत्तीत जुना मजकूर छापणाऱ्यांना माझी विनंती आहे : 'कोट' काढून त्या जागी 'किल्ला' घालू नका. कोट तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'तटाच्या आतलं शहर' एवढी तळटीप द्या.