मदत हवी आहे: लॅपटॉपवर टेस्ट पास, गिटहबवर फेल

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा छोटा ओपन सोर्स पायथन प्रोजेक्ट आम्ही तिघं मिळून चालवतो. कोड पुश केला की टेस्ट आपोआप चालाव्यात म्हणून गिटहब (जिथे आमचा कोड ठेवलाय ती साइट) वरचं अ‍ॅक्शन्स लावलं. घरी सगळं पास, तिथे मात्र सकाळी ६:१० ची भरती ००:४० दिसते! बरोब्बर साडेपाच तास मागे, म्हणजे रनर (टेस्ट चालवणारं गिटहबचं मशीन) यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय. झोनइन्फो (पायथनचं टाइमझोनसाठीचं मॉड्यूल) वापरून कोडमध्येच ‘एशिया/कोलकाता’ दिल्यावर उबुंटूवर जमलं, विंडोजवर टाइमझोन सापडत नाही म्हणतो. टाइमझोनची माहिती पुरवणारं टीझेडडेटा पॅकेज फक्त टेस्टसाठी घालू, की प्रोजेक्टच्याच डिपेंडन्सीमध्ये (तो चालायला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत)? या वेळा बघून आमच्याकडची माणसं होड्या बाहेर काढतात, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाहीये. कुणी हे केलं असेल तर तुमची अ‍ॅक्शन्सच्या सेटिंगची वायएमएल फाइल दाखवाल का?